ड्राय फ्लायचे पंख कशाचे बांधावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर, कॅट्सकिलच्या डोंगरात, बीव्हरकिल आणि विलोविमॉक या दोन नद्या रॉस्को गावाजवळ एकमेकींना मिळतात. गेली कित्येक वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर माझे बहुतेक शनिवार तिथे ट्राउट मासे धरण्यात जातात आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी व्हाइससमोर, म्हणजे हूक पकडून ठेवणाऱ्या चिमट्यासमोर, फ्लाय बांधण्यात. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा, आणि ड्राय फ्लाय म्हणजे पाण्यावर तरंगणारी. इथले मराठी मित्र, शिवाय पुण्या-बंगळुरूहून दरवर्षी हिमाचलात तीर्थन नदीवर जाणारी मंडळी मला फ्लाय बांधण्याबद्दल विचारत असतात, आणि त्यातले निम्मे प्रश्न पंखांचे असतात. शेपूट, अंग, हॅकल (अंगाभोवती गुंडाळलेलं पीस) हे सगळं चार-सहा बैठकांत हाताला बसतं. पंखाशी आलं की हात अडतो.

त्यांना मी आधी एकच विचारतो: हा पंख कोणासाठी बांधताय? माशाला दिसावा म्हणून, तुम्हाला दिसावा म्हणून, की फ्लाय पाण्यावर टिकावी म्हणून? हे ठरलं की पीस कोणतं, केस कुठले, हे आपोआप ठरत जातं.

ड्राय फ्लायला पंख लागतोच का?

प्रत्येक फ्लायला नाही. खळाळत्या पाण्यात भरघोस हॅकलची बिनपंखी फ्लाय छान चालते, कारण माशाला निरखायला वेळच नसतो. संथ, काचेसारख्या पाण्यात मात्र पंखाने फरक पडतो. तिथे ट्राउट फ्लायखाली येऊन थबकतो, तिच्यासोबत वीतभर मागे वाहत जातो आणि मग ठरवतो. अशा ठिकाणी बिनपंखी फ्लाय नाकारून तीच फ्लाय पंखासकट घेतलेली मी अनेकदा पाहिली आहे.

मासा खालून नेमकं काय बघतो?

इथे थोडं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. पाण्यातून वर बघताना बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका शंकूत मावतं. पृष्ठभागावर ही एक गोल खिडकी होते आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोनपट असतो. मासा ३० सेंटीमीटर खाली असेल तर खिडकी सुमारे ६८ सेंटीमीटरची. खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात नदीच्या तळाचंच प्रतिबिंब दिसतं.

आता फ्लाय वरच्या बाजूने वाहत येते. ती खिडकीबाहेर असताना माशाला फक्त पाण्यात रुतलेलं दिसतं: हॅकलची टोकं, शेपटीचे तंतू, आरशावर पडलेले ठिपके. पण प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे उभ्या पंखाचं टोक फ्लायच्या अंगाआधी खिडकीच्या कडेवर उगवतं. लांबून येणाऱ्या गलबताचं शीड आधी दिसावं तसं. अंग खिडकीत येईपर्यंत माशाने वर यायचं की नाही हे बरेचदा ठरवलेलं असतं.

म्हणून उभ्या पंखाची उंची आणि आकार यांची मी जितकी काळजी घेतो तितकी रंगाची घेत नाही.

पहिल्यांदाच बांधतोय. सुरुवात कोणत्या पंखाने करू?

पांढऱ्या पॉली यार्नच्या पॅराशूट खुंटाने करा. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा कमी, आणि ते पाणी शोषत नाही. एका लडीत शेकडो फ्लाय होतात. लडीचा तुकडा हुकाच्या दांडीवर आडवा बांधायचा, दोन्ही टोकं वर उचलून बुडाशी दोऱ्याचे दहा-बारा वेढे द्यायचे, की कडक खुंट तयार. त्याभोवती हॅकल आडवं गुंडाळायचं. जोडी जुळवायला नको, डावं-उजवं नको, आणि उंची शेवटी कात्रीने ठरवता येते. पहिल्या महिन्यात हे फार मोठं सुख आहे.

पॅराशूटमध्ये पंख मुख्यतः तुमच्यासाठी असतो. अंग पाण्यालगत बसतं, मासा ते बघतो. वर उभा पांढरा ठिपका तुम्ही बघता. संध्याकाळच्या चमकत्या पाण्यावर पांढरा दिसेनासा होतो, तेव्हा काळा खुंट लावा. ऐकायला उलटं वाटतं, पण चकाकीवर काळंच उठून दिसतं.

डच बांधणारे हान्स फान क्लिंकेन यांनी १९८४ मध्ये नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ग्रेलिंग माशासाठी बांधलेली क्लिंकहॅमर ही याच घराण्यातली. तिचं वाकडं अंग पाण्याखाली लोंबतं आणि खुंट तेवढा वर राहतो.

ॲडम्सचे पंख माझ्याकडून फार बारीक, सुईसारखे होतात. काय चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नाही, पीस चुकीचं आहे.

ॲडम्स १९२२ मध्ये मिशिगनच्या मेफिल्ड गावात लेनर्ड हॅलडे यांनी बांधली, जवळच्या बोर्डमन नदीसाठी. तिचे पंख म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांची दोन टोकं. त्या काळातली पिसं रुंद होती. आज दुकानात मिळणारं हॅकल खास पैदाशीच्या कोंबड्यांचं असतं: लांबच लांब, आखूड तंतूंचं, एका पिसात चार-पाच फ्लाय होतील असं. गुंडाळायला उत्तम, पण त्याच्या टोकाचा पंख केला तर काडी उभी केल्यासारखा दिसतो.

पंखासाठी कोंबडीच्या मानेची पिसं घ्या. ती रुंद आणि गोल टोकाची असतात, तंतू मऊ असतात. दोन पिसं पाठीला पाठ लावून धरा, म्हणजे ती बाहेरच्या बाजूला आपोआप उघडतात. हुकाच्या दांडीइतकी लांबी मोजून खालचे तंतू ओढून काढा. बांधताना चिमूट सैल झाली की पिसं दांडीभोवती फिरतात, म्हणून पहिले दोन वेढे चिमटीतच द्यायचे आणि वेढा बसेपर्यंत बोटं उचलायची नाहीत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. खास पैदाशीच्या कोंबड्या येण्याआधी जगभरचे बांधणारे मोठ्या प्रमाणात भारतातून आणि चीनमधून आलेल्या कोंबड्यांच्या मानांवर अवलंबून होते. आजही ‘इंडियन केप’ या नावाने त्या स्वस्तात मिळतात. त्यांची पिसं आखूड असतात, गुंडाळायला दोन-तीन लागतात, म्हणून लोक नाक मुरडतात. पंखांसाठी मात्र त्या फार चांगल्या. माझ्या डबीत एक कायम असते.

वुड डक एवढं महाग आहे. खरंच गरज आहे का?

कॅट्सकिल पद्धतीची फ्लाय बांधायची असेल तर माझं उत्तर ‘हो’ आहे. यात माझं प्रेमही मिसळलेलं आहे, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

या डोंगरातल्या जुन्या फ्लाय, म्हणजे क्विल गॉर्डन, लाइट केहिल, हेंड्रिक्सन, तिन्हींचे पंख नर वुड डक या बदकाच्या कुशीतल्या पिसांचे. लिंबोणी-तपकिरी रंग आणि त्यावर केसाएवढ्या बारीक काळ्या आडव्या रेषा. इंग्लंडच्या संथ, खडूच्या खडकातून वाहणाऱ्या नद्यांसाठी घडलेली ड्राय फ्लाय इथल्या दगडधोंड्यांच्या, वेगवान पाण्यावर टिकेना. १८९० मध्ये ड्राय फ्लायचे जाणकार हॅलफर्ड यांनी इंग्लंडहून पाठवलेल्या नमुन्यांवरून थिओडोर गॉर्डन यांनी नेव्हरसिंक नदीच्या काठी स्वतःच्या फ्लाय घडवल्या. अंग सडपातळ, हॅकल कडक, पंख तंतूंचा. रॉय स्टीनरॉड यांची हेंड्रिक्सन १९१६ ची. पुढे डेट आणि डार्बी या दोन दांपत्यांनी याच खोऱ्यात आयुष्यभर फ्लाय बांधून ही रीत जिवंत ठेवली. लिव्हिंग्स्टन मॅनरच्या संग्रहालयात या परंपरेच्या फ्लाय बघायला मिळतात. जमलं तर जा. बांधणाऱ्याने एकदा तरी तिथे काचेला नाक लावून उभं राहावं.

वुड डकच्या तंतूंची खुबी अशी: ते मऊ असून ताठ उभे राहतात, हवेत चिरफाळत नाहीत, आणि त्यांच्यातून उजेड आरपार जातो. रेषांमुळे पंखाची कडा पुसट होते, जिवंत वाटते. १४ नंबरच्या हुकासाठी (नंबर मोठा तितका हूक लहान) पिसाच्या एका बाजूची सुमारे एक सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. टोकं एका रेषेत येईपर्यंत तंतू काडीशी काटकोनात ओढा, मग कापा. पट्टी दुमडून जुडी करा. नेढ्यापासून एक तृतीयांश दांडी सोडून जुडी बांधायची, टोकं नेढ्याच्या दिशेने. मग ती मागे उचलून पुढ्यात दोऱ्याचा छोटा बांध घालायचा, सुईने दोन भाग करायचे आणि मधून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे द्यायचे. शेवटी प्रत्येक पंखाच्या बुडाशी दोन सैलसर वेढे. दोन्ही पंखांमधला कोन ३० ते ४५ अंश मला आवडतो. समोरून बघा, एक पंख जाड आणि एक बारीक झाला असेल तर आत्ताच सोडवा. हॅकल गुंडाळल्यावर काही करता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी शिकारीने आणि जंगलतोडीने जवळजवळ संपला होता. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्याची शिकार थांबली, संख्या सावरल्यावर १९४१ मध्ये काही राज्यांत पुन्हा मर्यादित परवानगी मिळाली. परवान्याने मारलेल्या पाणपक्ष्यांची पिसं फ्लाय बांधण्यासाठी विकायला इथल्या केंद्रीय नियमांत मुभा आहे. पीस महाग का, याचं उत्तर यात आलं. एकही तंतू वाया घालवू नका.

रंगवलेलं मॅलार्ड चालेल?

चालेल. मॅलार्ड बदकाच्या कुशीतलं पीस लिंबोणी-तपकिरी रंगवून सर्रास विकतात. तंतू जरा मऊ असतात, रेषा तितक्या रेखीव नसतात. सराव त्यावरच करा. मँडरिन बदकाचं पीस मात्र वुड डकच्या अगदी जवळ जातं. दोघं एकाच कुळातले.

जुन्या इंग्लिश फ्लायसारखे क्विलचे पंख बांधले. पहिल्याच माशानंतर चिरफाळले. असंच होतं का?

असंच होतं. बदकाच्या किंवा स्टार्लिंगच्या उडण्याच्या पिसातून कापलेल्या पट्ट्या दिसायला सर्वांत देखण्या, कारण त्या खऱ्या मेफ्लायच्या, म्हणजे नदीवरच्या एका नाजूक पाणकिड्याच्या, पंखासारख्या एकसंध आणि धूसर असतात. पण पिसाचे तंतू एकमेकांना सूक्ष्म आकड्यांनी अडकलेले असतात. दात लागला, काठावरच्या गवताला घासलं, की आकडे सुटतात.

डाव्या पंखाची पट्टी डाव्या पिसातून आणि उजव्याची उजव्यातून घ्यावी लागते, म्हणून पिसं कायम जोडीने विकत घ्या. १९७० च्या सुमारास अमेरिकेत स्विशर आणि रिचर्ड्स यांनी हॅकल पूर्णपणे काढून टाकून फक्त क्विलच्या पंखांवर तोललेली ‘नो-हॅकल’ प्रचारात आणली. अतिशय संथ पाण्यात ती विलक्षण चालते, आणि चिरफाळल्यावरही मासे घेतात, हा माझा अनुभव आहे. तरी दिवसभर एकच फ्लाय वापरायची असेल तर हा पंख निवडू नका.

कंपॅराडनसाठी डियर हेअर घेतलं, पण पंखा नीट पसरत नाही. कोणतं घ्यायचं?

कंपॅराडन म्हणजे हॅकल नसलेली, हरणाच्या केसांच्या (डियर हेअर) पंख्याची फ्लाय. हा प्रश्न मला सर्वांत जवळचा, कारण यात मी स्वतः एक अख्खा हंगाम घालवला आहे.

एका दुकानातून टपालाने डियर हेअरची तीन पाकिटं मागवली. पाकिटावर ‘कंपॅराडनसाठी’ असं छापलेलं. केस लांब, टोकाला जवळजवळ सेंटीमीटरभर काळी, सुईसारखी निमुळती शेपटी. मी इमानाने दोन डझन फ्लाय बांधल्या. मे महिन्यात नदीवर गेलो तर पंखाचा वरचा निम्मा भाग माशाला काय, मलाही दिसेना. खालचा भाग गच्च, वर चार काळ्या काड्या. शिवाय केसांची बुडं इतकी जाड की अंगावर गाठ आली आणि फ्लाय नाकावर कलंडायची. दोष बांधणीत असेल असं समजून मी महिनाभर दोरा बदलत बसलो.

मग एका म्हाताऱ्या बांधणाऱ्याने काठावर माझ्या पेटीतली एक फ्लाय उचलली, उजेडासमोर धरली आणि स्वतःच्या खिशातला कातड्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. केस आखूड, जेमतेम तीन सेंटीमीटर. टोकाचा काळा भाग दोन-तीन मिलिमीटर, त्याखाली फिकट पट्टा आणि लगेच राखाडी, पोकळ केस. फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळला.

तेव्हापासून मी केस असे पारखतो. टोकाचा काळा भाग जितका आखूड तितका पंख वरपर्यंत भरीव. काडेपेटीच्या काडीएवढी जुडी चिमटीत धरून तिच्यावर दोऱ्याचे दोन वेढे आवळायचे. केस ४५ ते ६० अंश उघडले तर पंखासाठी योग्य. ९० अंशांत फिसकारले तर ते फार पोकळ आहेत, बास माशाच्या मोठ्या फ्लायला ठेवून द्या. अजिबात हलले नाहीत तर तरंगणार नाहीत. आणि केस कुरळे किंवा मोडके असतील तर कितीही स्वस्त असले तरी नकोत.

कंपॅराडन ही १९७० च्या दशकात अल काउची आणि बॉब नास्टासी यांनी रूढ केलेली फ्लाय. तिचं मूळ न्यूयॉर्कच्या ऑसेबल नदीवरच्या फ्रॅन बेटर्स यांच्या ‘हेस्टॅक’मध्ये आहे. हॅकल नाही, केसांचा अर्धवर्तुळाकार पंखा हाच पंख आणि हाच तराफा. माशासाठी, तुमच्यासाठी आणि तरंगण्यासाठी, तिन्ही कामं एका जुडीत. मला आयुष्यभर एकच पंख वापरायची सक्ती झाली तर मी हाच घेईन.

दोन गोष्टी विसरू नका. स्टॅकरमध्ये (केसांची टोकं जुळवायच्या नळीत) घालण्याआधी बुडाशी असलेली लव बारीक कंगव्याने पूर्ण काढा, नाहीतर टोकं जुळत नाहीत. आणि बुडं एकदम काटकोनात न छाटता तिरकी छाटा, म्हणजे अंग निमुळतं उतरतं.

मग एल्क हेअर कधी?

कॅडिस या पाणकिड्याच्या नकलेसाठी. एल्क म्हणजे एक मोठं हरीण. कॅडिसचे पंख कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते असतात, तिथे केस फार पसरायला नकोत, मागे वळून अंगावर बसायला हवेत. अल ट्रॉथ यांची एल्क हेअर कॅडिस १९५७ पासून हे काम चोख करते आहे. एल्कचे केस डियरपेक्षा जाड आणि टिकाऊ, रंगही फिकट, त्यामुळे संध्याकाळी दिसतात.

सीडीसीला फ्लोटंट लावला आणि फ्लाय बुडाली! असं कसं?

जेल फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवायचा लेप) लावलं असणार. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीवरच्या तेलग्रंथीभोवतीची पिसं. स्वित्झर्लंडच्या ज्युरा भागात १९२० च्या दशकापासून ती फ्लायला वापरतात. तेलामुळे ती तरंगतात असं सगळीकडे सांगितलं जातं. पण धुऊन रंगवलेलं सीडीसीही तरंगतं, मग तेल गेलं तरी काय उरतं? या पिसाच्या तंतूंना अतिशय बारीक, वेडेवाकडे उपतंतू असतात आणि त्यांच्यात हवा अडकून राहते. जेल लावलं की ते एकमेकांना चिकटतात, हवा जाते आणि ओल्या कापसासारखा गोळा होतो.

सिलिकाची कोरडी पूड लावा. मासा पकडल्यावर फ्लाय पाण्यात खळबळून माशाचा चिकटा काढा, सुती रुमालात दाबा, दोन-तीनदा हवेत फिरवा, मग पूड. अमाडू, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या एका बुरशीचा वाळवलेला तुकडा, मिळाला तर रुमालापेक्षा चांगला. इतकं करूनही पाच-सहा माशांनंतर सीडीसी थकतं. पेटीत एकाच नमुन्याच्या तीन-चार ठेवा.

संथ पाण्यातल्या १८ नंबरहून लहान फ्लायला मला याच्याइतकं हलतं-बोलतं दुसरं काही सापडलेलं नाही. स्लोव्हेनियाचे मारियान फ्रात्निक यांची एफ-फ्लाय बघा: दोऱ्याचं अंग आणि मागे झुकवलेली सीडीसीची पिसं, बास. पंख कापताना मात्र कात्रीने सरळ रेषेत छाटू नका, थोडे तंतू चिमटीत धरून तोडा. कडा नैसर्गिक राहते.

सशाच्या पायाचे केस लावतात म्हणे?

हो, स्नोशू जातीच्या सशाच्या मागच्या पायाच्या तळव्याचे. केस किंचित कुरळे, अर्धपारदर्शक असतात आणि भिजल्यावर पिळून काढले की पुन्हा उभे राहतात. सीडीसी थकतं तिथे हे टिकतं. तळव्याच्या मधले केस घ्या, कडेची लव नको.

रॉयल वुल्फला वासराच्या शेपटीचे केस लागतात. आमच्या घरी ते चालणार नाही. पर्याय?

हा प्रश्न अनेकांना विचारायचा असतो आणि थोडेच विचारतात. अगदी रास्त प्रश्न आहे.

रॉयल वुल्फ ज्या मालिकेतली फ्लाय, ती ली वुल्फ यांनी १९३० च्या सुमारास सुरू केली, तेव्हा ते पंखाला हरणाच्या शेपटीचे केस वापरत होते. वासराचे केस नंतर रूढ झाले. तेव्हा त्यांच्यावाचून अडावं असं काही नाही. पांढऱ्या पॉली यार्नच्या दोन जुड्या वर उभ्या करून आठाच्या वेढ्यांनी विभागल्या की दुरून कुणालाही फरक कळत नाही, आणि भिजून जड होण्याचा प्रश्नच नाही. मोठ्या हुकावर पॉली मागे झुकतं, म्हणून बुडाशी एक थेंब पातळ सिमेंट, म्हणजे बांधणाऱ्यांचा गोंद, सोडा. पॅराशूटला टर्कीची पांढरी, चपटी पिसंही चालतात.

ज्यांना अडचण नाही त्यांनी शेपटीऐवजी वासराच्या अंगावरचे केस घ्यावेत. ते सरळ असतात, स्टॅकरमध्ये पटकन जुळतात. शेपटीचे कुरळे केस जुळवताना नवशिक्याचा धीर सुटतो.

स्पिनरचे पंख कशाचे?

मेफ्लाय पंख फुटल्यावर आणखी एकदा कात टाकते. असं करणारा आज दुसरा कीटक नाही. पहिल्या रूपाला, डनला, पंख धूसर आणि उभे असतात. कात टाकल्यावर स्पिनरचे पंख काचेसारखे होतात, आणि अंडी घालून ती पाण्यावर पडते तेव्हा दोन्ही बाजूंना आडवे पसरतात. इथे पंख पूर्णपणे माशासाठी असतो, तुम्हाला तो दिसणारच नाही. पांढरं किंवा फिकट राखाडी पॉली, किंवा चमकदार अँट्रॉन धागा, अगदी विरळ, आडवं बांधा. नवे लोक इथे हमखास दुप्पट सामान लावतात. पंखातून खालचं वर्तमानपत्र वाचता यायला हवं.

फ्लाय फेकताना टिपेटला (दोरीच्या शेवटच्या बारीक तुकड्याला) पीळ पडतो. पंखामुळे का?

जवळजवळ नक्कीच. कापून किंवा जाळून आकार दिलेले रुंद, सपाट पंख हवेत भिंगरीसारखे फिरतात. दोन पंख असमान असले तर आणखीच. आधी पंख थोडे लहान करा, मग टिपेट एक नंबर जाड घेऊन बघा. तरीही पीळ पडत असेल तर तो नमुना सोडून तंतूंच्या किंवा केसांच्या पंखाकडे वळा. हवा त्यांच्यातून निघून जाते.

पंखाची उंची किती ठेवायची?

हुकाच्या दांडीइतकी. चुकायचं तर किंचित आखूड चुका. उंच पंख फ्लायला आडवं पाडतो.

रंग खऱ्या किड्याशी जुळलाच पाहिजे का?

हेंड्रिक्सनचं उदाहरण घ्या. एप्रिलअखेर दुपारी बीव्हरकिलवर जी मेफ्लाय उडते तिचे पंख पाटीसारखे करडे असतात. फ्लायवरचा वुड डक लिंबोणी-तपकिरी. शंभरावर वर्षं मासे ती घेत आहेत. खिडकीच्या कडेला आकाशाच्या उजेडावर पंख आधी सावलीसारखा दिसतो, रंग मागाहून येतो. फिकट, मध्यम, गडद अशा तीन छटा ठेवा, आणि काठावर बसलेला खरा किडा पकडून शेजारी धरून बघा. अट्टहासाने सोळा छटा गोळा करू नका.

भारतात ट्राउटसाठी कोणते पंख न्यावेत?

महाराष्ट्रात ट्राउट नाही, आपल्या नद्या त्याला फार उबदार. काश्मीर, हिमाचल, निलगिरी आणि मुन्नारच्या परिसरात ब्रिटिश काळात अंडी आणून तो वसवला गेला. तीर्थनसारख्या नदीत पाणी दगडांवर आपटत, फेसाळत उतरतं. तिथे वुड डकची नाजूक फ्लाय काढू नका. एल्क हेअर कॅडिस, पॉलीच्या पंखाची रॉयल वुल्फ, १२ ते १६ नंबर, असा ऐवज न्या. धबधब्याखालच्या फेसात पांढरा पंख दिसत नाही, तिथे नारिंगी खुंट न्या. काश्मीरच्या सपाट कुरणांतून वाहणाऱ्या शांत ओढ्यांवर मात्र कंपॅराडन आणि सीडीसी हवंच. परवाना आधी काढा आणि हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका.

रानात पडलेली पिसं उचलून वापरली तर?

करू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानपक्ष्यांच्या पिसांचा व्यवहार अडचणीत आणू शकतो, आणि मोरपिसं देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. अमेरिकेतही बहुतेक देशी रानपक्ष्यांचं पडलेलं पीस बाळगणं बेकायदा आहे. स्टार्लिंगसारखे बाहेरून आलेले पक्षी त्यातून वगळलेले आहेत. गावठी कोंबडी आणि पाळीव बदक यांच्या पिसांत सुरुवातीचं सगळं भागतं. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

यातली एक गोष्ट मला आपली वाटते. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चकचकीत ठिपके असलेली पिसं असतात. पेनसिल्व्हेनियाच्या लेटॉर्ट ओढ्यावर व्हिन्सेंट मरिनारो यांनी बांधलेल्या ‘जॅसिड’ या इवल्याशा फ्लायचा पंख म्हणजे तेच एक पीस, पाठीवर आडवं बसवलेलं. जॅसिड म्हणजे आपले कपाशीवरचे तुडतुडे! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला किती आनंद झाला सांगू. आज परदेशात पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं कायदेशीर मिळतात, पण जॅसिडसाठी मी काळी रंगवलेली चपटी पिसं वार्निशचा हात देऊन वापरतो. आपल्या रानातला कोंबडा रानात असू दे.

पिसांना कीड लागू नये म्हणून काय करता?

नवीन आलेलं प्रत्येक पीस आणि कातडं झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवतो, दोन दिवस बाहेर काढतो, पुन्हा आठवडाभर आत. अंड्यातून निघालेली अळी दुसऱ्या खेपेला मरते. डांबरगोळ्या टाळा, काही प्लॅस्टिकच्या डब्या त्यांनी विरघळतात. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात किडीपेक्षा बुरशीची भीती जास्त, म्हणून पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि श्रावण संपेपर्यंत महिन्यातून एकदा उघडून वास घ्या. कुबट वास आला तर ते पाकीट लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.